करडे गुलाब

बाबांनी कोटाचे दोन्ही खिसे तिच्या टेबलावर उलटे केले. साखरेच्या दोन पुड्या, बसचं दुमडलेलं तिकीट, बटणं शिवलेला पुठ्ठा, साबणाचं वेष्टन. तिने ब्रश पाण्यात ठेवला आणि ओला कागद बाजूला सरकवला.

"भंगारवाला आला वाटतं," आतून आई म्हणाली.

"भंगारवाला पैसे मोजतो. मी फुकट आणतो," बाबा म्हणाले. "बाईसाहेब, हे बघा."

साबणाचं वेष्टन त्यांनी तळहाताने सपाट केलं. कडेने बारीक गुलाबांची वेल होती.

"काय नाजूक करडे गुलाब काढलेत. साबणासाठी कोण एवढा जीव टाकतं?"

गुलाब गुलाबी होते, चांगले ठसठशीत.

"छान आहेत," ती म्हणाली. "करडा शोभतो."

बाबांनी जन्मभर गावोगावी फिरून शाई आणि पेनं विकली. निवृत्त झाल्यावरही जुन्या दुकानदारांना भेटायचं निमित्त काढून ते बसमध्ये बसत आणि येताना खिसे भरून आणत. शाईच्या बाटल्यांवर रंगाचं नाव छापलेलं असे, म्हणून धंदा निभावला. एरवी त्यांना हिरवा आणि तपकिरी सारखाच दिसे आणि गुलाबी म्हणजे करडा. हे तिला शाळेत कळलं. बाबांनी सांगितलेल्या रंगांत तिने काढलेली बाग बघून, तुझी सगळी फुलं राखेसारखी का, असं चित्रकलेच्या बाईंनी विचारलं तेव्हा. घरी येऊन ती काही बोलली नाही. बाबांना वाईट वाटेल एवढंच तिला समजत होतं. तेव्हापासून ते म्हणतील त्या रंगाला ती हो म्हणत आली, आणि हो म्हटलं की तसंच रंगवणं आलं. पुढे एका स्टेशनरीच्या कंपनीत ती पाकिटं, वह्यांची कव्हरं, भेटवस्तूंवर गुंडाळायचे कागद रंगवू लागली, तेव्हाही पानं तपकिरी राहिली आणि फुलं करडी. हिचं काम लांबून ओळखू येतं, असं लोक म्हणत.

"दिवा डावीकडे घे," जाता जाता बाबा म्हणाले. "स्वतःच्याच सावलीत काय बसतेस?"

तिने दिवा हलवला. ते समाधानाने चहा प्यायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

महिनाभराने मायलेकी त्यांचं कपाट आवरायला बसल्या. देऊन टाकायचे कपडे एका बाजूला, ठेवायचे दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजूच वाढत होती. मोज्यांच्या घड्या घालताना तिला काही मोज्यांच्या काठावर पांढऱ्या दोऱ्याचा एकेक टाका दिसला.

"हा कशाला गं?"

"तपकिरी मोज्यांना घालायचे मी. म्हणजे एका पायात हिरवा, एका पायात तपकिरी असं व्हायला नको. त्यांनीच सांगितलं होतं, लग्न झाल्या झाल्या."

तिचा हात थांबला.

"म्हणजे त्यांना माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? इंजिन ड्रायव्हर व्हायचं होतं त्यांना. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले, म्हणून तर शाई विकत फिरले." आईने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला ठाऊक नव्हतं?"

"मग मला कशाला सांगायचे? हे करडं, ते हिरवं."

"मीही विचारलं होतं. पोरीची दिशाभूल कशाला करता, म्हटलं. तर म्हणाले, मला दिसतं ते मी सांगतो, तिला दिसतं ते ती बघते. मधे काय उगवतं ते बघायला मजा येते." आईने मोज्यांचा गोळा केला आणि पुन्हा सोडला. "आणि म्हणायचे, हो म्हणताना तिचा आवाज इतका मऊ होतो, की खोटं आहे हे आंधळ्यालाही कळावं."

ती एकच सदरा उलगडत राहिली आणि पुन्हा घडी घालत राहिली.

साबणाच्या वेष्टनावरून घेतलेल्या गुलाबांच्या वेलीचा, भेटवस्तूंवर गुंडाळायचा कागद तिने त्याच आठवड्यात पुरा केला. यापुढे तिच्या टेबलावर कुणी खिसे उलटे करणार नव्हतं. कंपनीत नव्याने आलेल्या साहेबांनी नमुन्याचा कागद खिडकीपाशी नेऊन पाहिला. छपाईचे काका शाईने माखलेले हात पुसत दारात उभे होते.

"वेल सुरेख आहे," साहेब म्हणाले. "पण करडे गुलाब वाढदिवसाला कोण देईल हो? घेणाऱ्याला वाटायचं, आपलं काही बरंवाईट झालं की काय. गुलाबी करून टाका."

"शाई बदलायची तर आत्ताच सांगा, ताई," काका म्हणाले. "मशीन लावलंय."

"नको."

साहेबांनी भुवया उंचावल्या. "नको म्हणजे? कारण तरी कळू द्या. तुम्हाला असले रंग सुचतात तरी कसे?"

हा प्रश्न तिला अनेकांनी विचारला होता. दर वेळी ती हसून, सुचतात आपोआप, असं म्हणायची. लोक त्यालाही प्रतिभा समजत. तिने साहेबांच्या हातातून कागद घेतला आणि टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला.

"मला नाही सुचत," ती म्हणाली. "माझ्या वडिलांना गुलाबी रंग दिसत नव्हता. त्यांना जे दिसायचं ते मी रंगवत आले. इथलं माझं सगळं काम त्यांच्या डोळ्यांनी केलेलं आहे."