फेट्याच्या गोष्टीतलं राहिलेलं

फेट्याची गोष्ट शोभाकाकूंना तोंडपाठ होती. चाळीस वर्षं ऐकत होत्या, होणार नाही तर काय! अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये कुणाकडे चार मराठी माणसं जेवायला जमली की पुरुषोत्तमकाकांना आग्रह व्हायचाच, "काका, ती फेट्याची सांगा ना."

एकोणीसशे साठ साली काका इथे इंजिनिअरिंग शिकायला आले, तेव्हा गोऱ्यांचं बसायचं वेगळं, काळ्यांचं वेगळं. या सावळ्या पुणेकराला कुठे बसवायचं, कुणालाच कळेना. शेवटी एका प्रोफेसरांनी युक्ती सांगितली, डोक्याला काहीतरी गुंडाळून जा, परदेशी पाहुणा म्हणून खपून जाशील. काकांनी ट्रंकेतला गुलाबी फेटा काढला, बांधला आणि बाजारातल्या दुकानाच्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या लंच काउंटरवर जाऊन बसले. वाढणाऱ्या बाईनं चक्क "युवर हायनेस" म्हणत ॲपल पायचा तुकडा पुढे ठेवला! गोष्ट इथवर आली की लोक हसून बेजार व्हायचे. शोभाकाकूही दर वेळी हसायच्या.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात काकांच्या घशात गाठ निघाली. सोमवारी ऑपरेशन ठरलं. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकू दोन दिवस रडल्या आणि मग डोळे पुसून नातीला म्हणाल्या, "आन्या, तुझं ते रेकॉर्डिंगचं मशीन आण."

आन्याला शाळेचा प्रोजेक्ट होता. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गोऱ्या-काळ्यांच्या त्या काळच्या आठवणी विचारायच्या आणि रेकॉर्ड करायच्या. "आजोबांची टर्बन स्टोरी इज परफेक्ट," ती म्हणाली. काकूंना प्रोजेक्टशी काय करायचंय! त्यांना नवऱ्याचा आवाज हवा होता. हसरा, मिश्किल, बायकोची टर उडवणारा. पुढची वर्षं ऐकायला पुरेल एवढा.

शनिवारी दुपारी काका सोफ्यावर बसले. काकू समोर मेथी निवडत बसल्या. आन्यासाठी काका इंग्लिशमध्ये सांगत होते, पण कुठे थांबायचं, कुठे डोळे मोठे करायचे, सगळं तेच. "युवर हायनेस"पाशी आन्या खळखळून हसली. तिनं बटणाकडे हात नेला.

"बंद करू नकोस," काका म्हणाले. "पुढे आहे."

पुढे? काकूंचा हात मेथीतच थांबला. चाळीस वर्षांत कधी पुढे नव्हतं.

"माझ्या लॅबमध्ये कॅल्विन पेटिफर्ड होता. काळा मुलगा. पहिल्या थंडीत त्यानं मला स्वतःचा कोट दिला. दर रविवारी त्याच्या आईच्या हातचं जेवायचो मी. मग एकदा मी त्याला म्हटलं, चल माझ्याबरोबर त्या काउंटरवर. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, अरे, मी आहे ना! आमच्याकडे नवरदेवाबरोबर आलेल्या वऱ्हाड्याला पंगतीतून कुणी उठवत नाही. मला वाटलं, माझा फेटा दोघांना पुरेल."

काका खोकले. आन्यानं पाणी पुढे केलं, त्यांनी नको म्हटलं.

"तो शेजारी बसला. मॅनेजर आला आणि त्याला म्हणाला, ऊठ. मला काही म्हणाला नाही. कॅल्विननं माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरच्या पंगतीत कोणाला बसू देत नव्हते, ते मला त्या क्षणी आठवलं. सगळं कळत होतं मला. आणि मी फेटा सारखा केला आणि खाली बघत राहिलो. तो गेला. मग ॲपल पाय आला आणि मी तो खाल्ला. सगळा. पानात टाकायचं नाही, अशी आईची शिकवण. ताटली स्वच्छ केली मी. पुन्हा त्याच्या घरी जायला मला तोंड राहिलं नाही. कॅल्विन, मी उठायला हवं होतं." मग जरा थांबून ते मराठीत म्हणाले, "अगं, आता दे पाणी."

सगळ्या रेकॉर्डिंगमधलं तेवढं "अगं" काकूंच्या वाट्याला आलं. रागच आला त्यांना. मेल्या, इतकी वर्षं मला का हसवलंस? असं ओरडावंसं वाटलं. त्यांनी उठून आन्याच्या हातातलं पाणी काकांना दिलं.

ऑपरेशन झालं. काका घरी आले ते गळ्याला भोक आणि हातात मुलांची असते तशी छोटी पांढरी पाटी घेऊन. आन्यानं मधल्या काळात इंटरनेटवर पेटिफर्डांचा नंबर शोधून निरोप ठेवला होता. एका दुपारी फोन वाजला. कॅल्विनची बायको होती. कॅल्विन जाऊन सहा वर्षं झाली, म्हणाली. काकूंनी फोन स्पीकरवर टाकला.

"तुमचे मिस्टर म्हणजे पुरू ना?" म्हातारीचा आवाज आनंदानं भरून आला होता. "आमची नातवंडं त्यांना ओळखतात! कॅल्विन दर वर्षी सांगायचा. मॅनेजर म्हणाला ऊठ, तर पुरूही उठला. डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला आणि थंडीत तीन मैल कॅल्विनबरोबर चालत घरी आला. आमच्या चर्चमध्ये जुन्या आठवणी रेकॉर्ड करतायत. त्यांच्या तोंडून ही गोष्ट मिळेल का?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'रेकॉर्डिंग ऐकव.'

काकूंनी फोनवर हात ठेवला. "अहो, नको ना! त्या माणसानं मरेपर्यंत तुमची अब्रू राखली. राहू दे तशीच. मी सांगते तिला, आवाज गेला म्हणून."

काकांनी 'ऐकव'खाली रेघ मारली. मग आणखी एक.

काकूंनी मशीन फोनजवळ धरलं आणि बटण दाबलं. ते काउंटर, तो ॲपल पाय, ती स्वच्छ ताटली, सगळं पुन्हा झालं. शेवटी "अगं, आता दे पाणी" ऐकू आलं आणि मशीन थांबलं.

फोन कट झाला की काय, ते काकूंनी वाकून पाहिलं.

मग म्हातारी हळूच म्हणाली, "म्हणजे तीन मैल तो एकटाच चालत आला."

काकांनी तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. त्यांनी काकूंचा हात घट्ट धरला.

"हो," शोभाकाकू म्हणाल्या. "एकटाच."