दगडफुलाचा वास

ऋतुजाने कढईत धने ओतले आणि ओढणी नाकातोंडावर ओढून चुलीसमोर बसली. जळणाला घातलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या ओलसर होत्या, धूर सगळा घरात कोंडला होता. समोर तिच्या सासूबाई, सिंधुबाई, उलथनं फिरवत होत्या.

“ओढणी काढ की तोंडावरची. धूर काय खाऊन राहिला का तुला?”

ऋतुजाने ओढणी खाली केली. धने तडतडायला लागले.

“आला का गं वास?”

“आला.”

“बघ नीट.”

“आला म्हणलं ना, आत्या.”

उलथनं थांबलं. धने परातीत उतरले.

नणंदेच्या, वर्षाराणीच्या लग्नाचं येसर, पंगतीच्या आमटीचा मसाला, भाजणं चाललं होतं. व्याह्यांनी निरोप धाडला होता, मानपानाचं काय ते तुम्ही बघा, आमटीचं येसर मात्र सिंधुबाईंच्याच हातचं पाहिजे. लोह्यापासून बिलोलीपर्यंतच्या सोयऱ्यांत या येसराचं नाव होतं.

अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या शेजारच्या गयाबाईंनी आत आवाज दिला, “सिंधे, सुनेला शिकवून राहिलीस का पहारा करून राहिलीस?”

“पहाराच समज!” सिंधुबाई हसल्या.

ऋतुजा हसली नाही. या घरात आल्यापासून ती हेच बघत होती. सासूबाई कढईकडे बघतच नसत, तिच्या तोंडाकडे बघत. वरण लागलं का, दूध नासलं का, सगळं तिला विचारायचं आणि ती उत्तर देईपर्यंत तिचा चेहरा निरखायचा. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीची रोज तोंडी परीक्षा. मागच्या महिन्यात तर दूध करपून पातेलं काळं झालं, तरी त्या शेजारीच भिंतीला टेकून मेथी निवडत बसल्या होत्या. ऋतुजा धावत आली तेव्हा एवढंच म्हणाल्या, “कुठं होतीस?” सुनेला धडा शिकवायला दूध जळू दिलं, हे ऋतुजाला तेव्हा स्वच्छ दिसलं. दुसऱ्याच दिवशी तिने नवऱ्याला, वैजनाथला, फोनवर सांगितलं, मला इथं राहायचं नाही. तो नोकरीला लातूरला होता. तिथंच दोघांपुरती खोली बघायची आणि लग्न उरकलं की निघायचं, असं ठरलं. सासूबाईंना अजून कुणी काही बोललं नव्हतं.

सिंधुबाईंनी दगडफूल कढईत टाकलं आणि ऋतुजाचा फोन वाजला. ती उठून दाराआड गेली.

“खोली मिळाली,” वैजनाथ म्हणाला. “आज आईला सांगून टाक.”

“मी कामून? तुमची आई आहे.”

“तुझं ऐकते ती.”

“माझं?” ऋतुजाने फोन ठेवला.

ती उंबऱ्यात आली आणि वासाने तिचं नाक आकसलं. कडू, केस जळाल्यासारखा वास. दगडफूल मुळातच काळपट. जळालं तरी रंगावरून कळत नाही, आणि धूर चुलीचा की कढईचा, हेही ओळखू येत नव्हतं. कळणार ते नाकानेच. सिंधुबाई मात्र शांतपणे उलथनं फिरवत दाराकडे बघत होत्या.

“आला का गं वास?”

ऋतुजाच्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. तेवढ्यात तिला ते दूध आठवलं. प्रयोगात एकच गोष्ट बदलून बघावी, तसा तिने चेहरा कोरा केला.

“अजून नाही.”

सिंधुबाईंनी मान हलवली आणि उलथनं फिरवत राहिल्या.

ऋतुजा दाराची चौकट धरून उभी राहिली.

“अगं सिंधे, काय जाळलंस?” अंगणातून गयाबाई ओरडल्या.

उलथनं जागच्या जागी थांबलं. सिंधुबाईंनी कढईकडे नाही, ऋतुजाकडे बघितलं. त्या नजरेत संशय नव्हता. कधीच नसावा.

“माझं चुकलं, काकू,” ऋतुजा मोठ्याने म्हणाली. “भाजत मी होते. फोन आला.”

“फोनवाल्या सुना! वाढा आता वऱ्हाडाला कोळशाची आमटी.”

ऋतुजाने कढई उकिरड्यावर रिकामी केली, पुसून आणली आणि सासूबाईंजवळ बसली.

“कधीपासून, आत्या?”

“त्या मोठ्या बिमारीपासून. ताप गेला, खोकला गेला. वास काय परत आला न्हाई.”

“सांगायचं होतं.”

“कुणाला? व्याही येसर कुणाच्या हातचं मागून राहिलेत?” सिंधुबाईंनी चुलीत काटकी सारली. मग हळूच म्हणाल्या, “मघा तू न्हाई म्हणलीस.”

ऋतुजाने खाली मान घालून कढई चुलीवर ठेवली.

“जाऊ दे. पण कुणाला वास लागू देऊ नको.”

ऋतुजाने मान हलवली. नवं दगडफूल कढईत टाकलं आणि ओढणी गळ्याभोवती गुंडाळून पुढे वाकली.

“फोन वैजूचा होता का?”

“हाव.”

“काय म्हणला?”

“काही नाही, सहजच. तुम्ही हलवा.”

सिंधुबाईंनी उलथनं उचललं, पण ते कढईला लागलं नाही. त्या तिच्याकडे बघत होत्या. खोलीचं काही दिसू नये म्हणून ऋतुजाने मघासारखा चेहरा कोरा करायचा प्रयत्न केला.

“आला का गं?” सिंधुबाईंनी विचारलं.

कढई अजून तापलीही नव्हती.