हृदयाशी असंबंधित

"झटक्यानंतर इतकं सुधारलेलं हृदय मी तरी पाहिलेलं नाही," हृदयतज्ज्ञ पडद्याकडे पाहत म्हणाले. पडद्याशेजारी झोपलेल्या माणसाशी थेट बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

तो कवळ्या बनवणारा कारागीर. हयातभर त्याने परक्या हिरड्यांच्या साच्यांवर मेणात दात बसवले. खिडकीच्या उजेडात खऱ्या दाताशेजारी खोटा धरला की कुठला कुठला ते त्यालाही सांगता येत नसे. सध्या बायको रोज त्याच्या पोटावर प्रयोगातलं हार्मोन टोचत होती. हृदयाच्या मेलेल्या भागाभोवती नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात, हा हेतू. त्या फुटल्याही.

"साहेब, डोळ्यांपुढे काळे धागे तरंगतात."

"ते खालच्या मजल्यावर दाखवा."

खालच्या मजल्यावरच्या नेत्रतज्ज्ञ बाई बराच वेळ त्याच्या डोळ्यांत पाहत राहिल्या.

"तुम्हाला साखर आहे ना? मग हे सुरू करण्याआधी कुणी डोळे तपासले नाहीत?"

"प्रयोग हृदयाचा आहे म्हणाले."

"हार्मोनला काय कळतंय, हृदय कुठलं नि डोळा कुठला! इथंही नव्या वाहिन्या फुटल्यात, पण कच्च्या. त्यातून रक्त गळतंय. आजच बंद करा."

वर हृदयतज्ज्ञांचं उत्तर तयार होतं: बंद केलं तर हृदयाची हमी नाही. दोन मजल्यांनी परस्परांशी बोलावं, अशी त्या विद्वान संस्थेत रीत नव्हती. निरोप रुग्णानेच पोचवायचा.

"उद्यापासून सुई नको," घरी तो म्हणाला. "दिसलं नाही तर लोकांच्या तोंडात काय, फरशा बसवू?"

"बसवा. त्या दिवशी तुमचे ओठ कसे पांढरेफटक पडले होते, ते मी पाहिलंय. मला माणूस हवाय घरात."

"आंधळा?"

"चालेल."

तिने सुईचं टोपण काढलं. त्याने सदरा वर केला.

परिषदेत नव्या वाहिन्यांची चित्रं दाखवली गेली, टाळ्या पडल्या. अहवालाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, एका रुग्णाची दृष्टी गेल्याची नोंद होती. वर्गवारी: हृदयाशी असंबंधित.

त्याच सुमारास कवळ्यांच्या दुकानाची किल्ली नव्या भाडेकरूला देऊन नवराबायको घरी परतले. जिन्यात ती मागे पडली. तिला धाप लागली होती. तो भिंतीला हात लावत एका दमात वर पोचला आणि शेजाऱ्यांच्या बंद दाराकडे तोंड करून तिची वाट पाहत उभा राहिला.