भिंती नसलेली चौकट

मी एक चौकट. चांगली सागवानी, घराच्या पुढच्या दाराची. पण मला दार नाही आणि दोन्ही अंगांना भिंतही नाही. बीदरच्या वेशीबाहेर तांबड्या माळावर मी एकटीच उभी आहे. बाजाराला जाणारी माणसं मला बघून हसतात. "ह्ये बघा, घराआधी दार!" म्हणतात. हसोत बिचारी. त्यांना काय ठाऊक?

मला बसवंतप्पांनी करवून घेतलं. ते सरकी काढायच्या कारखान्यात थोरले मुनीम. पगार बरा, पण राहायची खोली कारखान्याची. वर्षानुवर्षं कापसाची धूळ छातीत गेली आणि त्यांना बोलता बोलता धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा. काम सोडलं की खोलीही सोडावी लागणार. मग बायको शांतम्मा आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई, यांना घेऊन जायचं कुठं? नोकरी आहे तोवर दोन खणांचं का होईना, आपलं घर उभं करायचं त्यांनी मनावर घेतलं.

मालक सिद्धलिंगप्पा सावकार मनानं मोठे. त्यांनी बिनव्याजी कर्ज दिलं, पगारातून थोडं थोडं कापून घ्यायचं ठरलं. त्यातून ही जागा घेतली, भिंतीचे दगड आणले, सुताराकडून मला घडवलं. मला उभं केलं त्या दिवशी शांतम्मांनी मला हळदकुंकू वाहिलं, वरच्या पट्टीला आंब्याचा डहाळा बांधला, नारळ फोडला. तोवर मी नुसतं लाकूड होते. त्या दिवसापासून मी कुणाची तरी झाले.

पुढं श्रावणात सावकारांच्या घरी उद्यापन झालं. सावकारांच्या पत्नी भागम्मा अक्का, त्यांचे सोळा सोमवार पुरे झाले होते. कुणाच्या तरी डोक्यावरचं ऋण उतरवीन, असा त्यांचा संकल्प होता. सावकारांनी बसवंतप्पांची कर्जाची चिठ्ठी पूजेला आलेल्या गुरूंच्या, जंगम अय्यांच्या पायांशी ठेवली आणि सगळ्यांदेखत फाडून टाकली.

शांतम्मा तशाच माळावर धावत आल्या. मला मिठी मारून म्हणाल्या, "बाई गं, आता तुज्या भिंती झाल्याच समज. देवानंच फेडलं!"

मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला सांगू?

पण आमचं संस्थान भारतात आलं, तसा तिकडचा इन्कमटॅक्सचा कायदाही आला होता. कारखान्याच्या हिशेबनिसानं ती सोडलेली रक्कम पगारखाती दाखवली. तेवढाच मालकाचा नफा कमी दिसतो. इन्कमटॅक्सच्या सायबांनी ते पाहिलं आणि बसवंतप्पांना बोलावणं आलं.

परत येताना ते माझ्याशीच थांबले. शांतम्मा दगड रचत होत्या.

"सायब म्हणला, मालकानं दिलं तवर कर्ज. सोडलं की पगार. त्या साली माजा पगार तेवढा वाढला म्हणं, त्याच्यावर कर भरा."

"आवो, पण आपल्या हातात एक रुपाया तरी आलाय का?"

"मी बी तेच म्हणलो. तर म्हणला, द्यायचं व्हतं ते वाचलं, म्हंजे मिळालंच की."

"देवाच्या पायावर सोडलेलं सरकार कामून मोजायलंय?"

"अगं, त्या कायद्यात अय्याला जागा न्हाई," म्हणून ते हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. बराच वेळ थांबेना.

सावकार टांग्यातून जागा बघायला आले, तेव्हा बसवंतप्पांनी हात जोडले. "सावकार, ती चिठ्ठी पुन्ना लिवून घ्या. मी पै न पै फेडतो. मला तुमचा कर्जदारच ऱ्हाऊ द्या."

कर्ज मागणारी माणसं पुष्कळ असतील. सुटलेलं कर्ज परत मागणारा माणूस मी तो एकच पाहिला.

"देवापुढं सोडलेलं परत घेऊ, बसवंतप्पा? हिचं व्रत मोडंल की."

"मग कर तरी तुमी भरा," शांतम्मा पदराआडून बोलल्या.

"भरलो असतो, शांतम्मा. पर वकील म्हणायलाय, मालकानं भरला तर त्यो बी पगारच धरत्यात. त्याच्यावर आनिक कर. अन् यंदा कापसाचा भाव बी बसलाय."

टांग्यात भागम्मा अक्का होत्या. हातात जपमाळ, डोळ्यांना पदर. मी त्यांना दोष देत नाही. पुण्य करायला निघालेल्या बाईच्या हातून हे व्हावं, याचंच मला वाईट वाटतं.

भिंतीचे दगड विकून कर भरला. उरलं ते औषधाला गेलं. दिवाळीला बसवंतप्पांना कारखान्याची पायरी चढवेना. नोकरी गेली, खोली गेली. म्हातारीला बैलगाडीत घालून सगळे मंठाळला चुलतभावाकडं गेले. तिथं गोठ्याचा एक कोपरा मिळालाय म्हणे.

आता ही जागाही विकली. मला उपटायला उद्या माणसं येतील. दादांनो, एवढं ऐका. मला सरपणात घालू नका. जिथं आत कुणी निवांत झोपलेलं असेल, अशा भिंतीत बसवा. माझं लाकूड अजून पक्कं आहे.

काल शांतम्मा आल्या होत्या. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, घरात येणाऱ्या लक्ष्मीची वाट अडते. त्या बसल्या. पाठ मला टेकून, कुणी आत बसलंय असं समजून बोलत राहिल्या. "हितं चूल घालणार व्हते. हितं देव. अन् हितं सासूबाईंची बाज, म्हंजी त्यास्नी पडल्या पडल्या रस्ता दिसंल."

मग उठल्या. डोक्यावरून पदर सारखा केला, उजवं पाऊल आधी उचललं, आणि नव्या सुनेसारख्या माझ्यातून आत आल्या.

आत माळच होता.