आधी तुम्ही खा

चमचा छोटा, पिवळा, कडेला दातांचे ओरखडे... पर्समध्ये पेन शोधताना तिच्या हाताला लागला – लेकीचा चमचा आपल्याबरोबर ऑफिसात! आज सांभाळायला ठेवलेल्या नव्या बाईंचा पहिला दिवस. लेक त्यांच्याजवळ रमली नाही तर नोकरी सोडते, असं ती नवऱ्याला सांगून बसली होती. बाईंना सगळं समजावलं होतं, काय खाते, किती, केव्हा... तेवढ्यात फोन.

"ताई, तोंडच उघडत नाही हो. नुसती टकामका बघते."

चमच्यामुळे असेल का? – समोर स्क्रीनवरही तोच अबोला. ग्राहकांकडून ऑनलाइन पैसे भरून घेणारी जुनी सेवा बंद झाली, म्हणून तसल्या सेवांच्या यादीतून नवी शोधलेली. काम तेच, देणं-घेणं जुळणारं, तरी सकाळपासून दोन्हीकडे सामसूम. आमचा प्रोग्राम पावतीसाठी ताटकळलेला, ती सेवा पावती कुठं पाठवायची त्या पत्त्यासाठी.

"आधी कोण बोलणार, एवढंच भांडण," शेजारच्या टेबलावरून आजोबा म्हणाले. चाळिशीतच टीमनं त्यांना आजोबा केलं होतं. "मध्ये एक सासू बसव. हिचं ऐकेल, तिला तिच्या कलानं सांगेल."

ती प्रोग्रामचा तो मधला तुकडा लिहू लागली – हिचं ऐकून ठेवायचं, तिला जे आधी लागतं ते आधी द्यायचं... आधी... बोटं थांबली. जुन्या मावशी! लेक पहिला घास मावशींच्या तोंडाशी न्यायची, त्या 'अम्म' करायच्या, मगच ही तोंड उघडायची. रोज बघितलंय मी. बघितलंय, आणि नेमकं तेवढंच सांगायचं राहिलं...

तिनं फोन लावला. "ती तुम्हाला भरवत होती का हो?"

"होती ना! पण तिच्या ताटातलं मी कसं खाणार? म्हटलं, नको बाळा, तू खा."

"आधी तुम्ही खा."

फोन तसाच चालू. आधी 'अम्म', मग खिदळणं, आणि बाई, "खाल्लं हो ताई! लबाड आहे पोर!"

सुटले, असं वाटायला हवं होतं. उलट अंग खुर्चीत जड होऊन बसलं. सकाळपासून ती मनात एक वाक्य घोळवत होती – 'मुलीसाठी सोडतेय, साहेब' – घोळवून घोळवून इतकं गुळगुळीत झालेलं, की त्यात कुणाला खोट काढता आली नसती. आता ते कुणाला सांगणार? मी दमलेय, नुसतं एवढं सांगून चालतं का कुठं?... पलीकडे लेक पुन्हा हसली. फोन ठेवायला हवा होता. तिनं तो कानाशी अजून घट्ट धरला.