सात नंबरच्या कॅनने पाहिलेला समुद्र

माझ्या गळ्यावर लाल रंगात सात हा आकडा आहे. पोटाला दोन पोचे आहेत आणि झाकणाची साखळी केव्हाच तुटली आहे. मित्रांनो, मी एक जुना दुधाचा कॅन आहे, चाळीस लिटरचा, ॲल्युमिनियमचा. नेकनूरजवळच्या एका खेड्यात महिला दूध संस्थेची पत्र्याची खोली आहे. तिच्या कोपऱ्यात मी उभा असतो.

कारखान्यात एका जाड पत्र्याला दाबून दाबून माझे पोट घडवले, मग गळा ओढला आणि दोन कान बसवले. ट्रकमधून मी गावात उतरलो, तेव्हा संस्थेच्या सचिव विमलबाईंनी मला हळदकुंकू लावले आणि हात जोडले. एखाद्या कॅनला कुणी नमस्कार करते का? त्या करत. बाई फार हळू बोलायच्या. एकादशी, सोमवार, संकष्टी, काही चुकवायच्या नाहीत. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, आणि मगच आम्हा कॅनना हात.

दूध केंद्रावरून रिकामे होऊन आलो, की त्या आम्हाला सोड्याच्या गरम पाण्याने घासत आणि उन्हात फळीवर पालथे घालत. “कॅन पालथा वाळला पाहिजे बायांनो,” त्या म्हणत. “आत थेंब ऱ्हायला की दुधाला दोष लागतो.” आमच्या संस्थेचे दूध केंद्रावरून कधी परत आले नाही. माझा तर गळा अभिमानाने चमकायचा.

मग दुष्काळ आला. पालीजवळच्या बिंदुसरा धरणाचा तळ उघडा पडला. जनावरे चारा छावणीत गेली. आम्हा दहा कॅनपैकी नऊ जण पालथे पडून राहिले. एकटा मी कामावर होतो, कारण गावात दोनच म्हशी दूध देत होत्या आणि त्या दोन्ही छबुबाईंच्या होत्या. छबुबाई म्हणजे विमलबाईंची लहानपणापासूनची मैत्रीण. उसाच्या पाचटावर आणि भुसा-पेंडीच्या आमोणावर त्यांनी त्या म्हशी जगवल्या होत्या.

पण दुष्काळात एका भांड्याला एकच काम कुठून असणार? सकाळी माझ्यात दूध आणि संध्याकाळी टँकरचे पाणी. एका संध्याकाळी विमलबाईंनी माझ्यातले पाणी रांजणात ओतले. तळाशी तीनचार तांबे उरले. रांजण भरला होता, हंडे भरले होते. बाईंनी मला फेकण्यासाठी तिरके केले, पण हात पुढे गेला नाही. त्या साली पाणी फेकणे म्हणजे पापच होते. सकाळी तुळशीला घालू, असे म्हणून त्यांनी मला तसेच झाकले. सकाळी पूजेच्या गडबडीत विसरल्या आणि छबुबाईंचे दूध त्यावरच ओतले गेले.

त्या दिवशी केंद्रावरून मी भरलेलाच परत आलो. “दुधात पाणी,” गाडीवाल्याने सगळ्यांसमोर सांगितले.

“प्यायला पाणी न्हाई,” छबुबाई ओरडल्या, “अन् दुधात घालाया कुठून आणू? विमल, तू तरी बोल की!”

विमलबाईंनी मान खाली घालून वहीत नोंद केली. तेव्हा त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र टँकरपाशी मला उघडताना त्यांना आठवले. त्यांनी माझ्या तळाला हात लावला आणि बराच वेळ तशाच वाकून उभ्या राहिल्या. मी आतून ओरडत होतो, पण पत्र्याचा आवाज माणसाला कुठे कळतो? त्या घरी गेल्या. कुणाला काही सांगितले नाही. त्या आठवड्यापासून त्यांनी आणखी एक वार वाढवला. गुरुवारचा उपास धरला.

गावाने छबुबाईंचे नाव ‘पाणीवाली’ ठेवले. त्यांनी संस्थेला दूध घालणे बंद केले आणि विमलबाईंशी बोलणेही.

पुढे पाऊस झाला, छावणी उठली. तीन वर्षांनी संस्थेच्या बायांची समुद्र बघायला सहल निघाली. म्हाताऱ्या बायनाबाईंचा हट्टच होता. “मरायच्या आदी एवढं पाणी एका जागी बघायचं हाय मला.” छबुबाईंचे नाव सभासदांच्या यादीत अजून होते, पण त्या येईनात. तेव्हा बायनाबाई म्हणाल्या, “तुजा राग विमलवर हाय ना? मग समिंदरावर का काढतीस?” छबुबाई आल्या. जीपमध्ये शेवटच्या बाकावर बसल्या आणि स्वतःची पाण्याची बाटली मांडीवर धरून ठेवली. मला प्यायच्या पाण्यासाठी घेतले होते. माझ्यातला घोटसुद्धा त्यांनी घेतला नाही.

मित्रांनो, मी केंद्राच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. ताम्हिणी घाटात गाडी थांबली, तेव्हा पहिल्यांदा झाडांची सावली माझ्या पोटावर हलताना पाहिली. बायांनी तीन दगड मांडून पिठले केले. “एवढी झाडं, अन् राखणीला कुणी न्हाई,” बायनाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवेआगरला सुरूच्या बनाशी उतरलो. बन संपले आणि समोर नुसते पाणी. मग बायनाबाईंनी आमचा ड्रायव्हर बंकट याला विचारले, “बंकट, ह्या धरणाला सांडवा कुठं हाय रं?” आणि सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या.

विमलबाईंनी समुद्राची ओटी भरली. त्यांना हे तीर्थ गावी न्यायचे होते, घराघरांत शिंपडायला. बंकट म्हणाला, “काकू, प्यायचं पाणी पुढं श्रीवर्धनला भरू, कॅन घ्या की.” माझ्या तळाशी दोन तांबे गोडे पाणी होते. बाईंनी मला तिरके केले. पुन्हा तो हात अडला. समोर अथांग समुद्र, आणि या दुष्काळी हाताला दोन तांबे सोडवेनात. त्यांनी मला त्या गोड्या पाण्यासकट समुद्राने भरले. मग प्रत्येकीला सांगितले, की आता कॅनमधले प्यायचे नाही. सगळ्यांना सांगितले, लांब सुरूच्या सावलीत बसलेल्या एकीला सोडून. जिच्याशी बोलणे नव्हते, तिला कोण सांगणार?

दिवेआगरहून श्रीवर्धनकडे जाणारा रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. उजव्या हाताला लाटा, डाव्या हाताला डोंगर. मधल्या वळणावर बंकटने गाडी लावली. बाया टेकाडावर चढल्या. छबुबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या खाली थांबल्या. ऊन तापले होते आणि बाटली संपली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझे झाकण उघडले, तांब्या बुडवला आणि घटाघटा दोन घोट घेतले.

दुसऱ्याच क्षणी त्या ठसकल्या. विमलबाई वरून धावत आल्या. “अगं, ते समुद्राचं हाय!”

“मला खारं पाजतीस व्हय सेक्रेटरीणबाई? गोडं पाणी कुठाय?”

“खाली दोन तांबे व्हतं. त्याच्यावरच भरलं.”

“फेकून न्हाई दिलंस?”

“पाणी कसं फेकू गं?”

हे बोलल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. छबुबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे.

“त्या साली बी न्हाई फेकलंस ना?”

विमलबाई रस्त्याच्या कडेला, तशाच धुळीत बसल्या. “न्हाई फेकलं, छबू. तीनचार तांबे व्हतं. मला दुसऱ्याच दिशी आठवलं.”

“दुसऱ्याच दिशी?”

“लाज वाटली. तोंड उघडंना. मग गुरवार धरला.”

“म्हंजे तो गुरवार माज्या नावाचा व्हय?” छबुबाईंनी तांब्या खाली आपटला. “तू उपाशी ऱ्हायलीस, अन् गाव मला पाणीवाली म्हनत ऱ्हायलं. तुजा उपास देवाला पोचला आसंल बाई. मला न्हाई पोचला.”

विमलबाई रडत पाया पडायला गेल्या. छबुबाई मागे सरल्या. “मला एकटीला सांगू नको. ज्यांनी मला नावं ठेवली, त्यांना सांग.” तोवर बंकट जवळच्या वाडीतून घागरभर गोडे पाणी घेऊन आला. दोघी एकाच घागरीचे पाणी प्यायल्या, पण गाडीत वेगवेगळ्या बाकांवर बसल्या.

गावी परतल्यावर संस्थेची सभा भरली. विमलबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज दारापर्यंत गेलेला मी पहिल्यांदाच ऐकला. “छबुबाईनं दुधात पाणी घातलं नव्हतं. कॅनात पाणी मी ठेवलं व्हतं. मला कळल्यावर मी गप्प बसले.” आणि खोलीची किल्ली त्यांनी मधोमध ठेवली.

कुणीतरी म्हणाले, “जाऊ द्या, जुनी गोष्ट हाय.”

“जुनी तुमाला,” छबुबाई मागून म्हणाल्या. “मला रोजची व्हती.”

छबुबाई पुढे आल्या. किल्ली उचलून त्यांनी विमलबाईंच्या हातात परत दिली. “वह्या तूच सांभाळ. दूध उंद्यापासून घालते. पण कॅन मी धुणार, अन् पालथा बी मीच घालणार.”

त्यानंतर कितीतरी वर्षे छबुबाईंनी मला धुतले. हात त्यांचा जड होता. माझ्या पोटातला समुद्राचा क्षार काढताना त्यांनी मला अगदी सोलून काढले, पण मी कधी तक्रार केली नाही. विमलबाईंनी गुरुवार सोडला नाही. त्या दिवशी त्या छबुबाईंच्या घरी जाऊन शेणगोठा करून येत. आता संस्थेत दूध गार करणारी मोठी स्टीलची टाकी आली आहे. आमची गरज उरली नाही. माझ्यावर धूळ बसते, कोळी जाळे विणतो.

मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी भांडी धुऊन, वाळवून, पालथी घालून ठेवत जा. त्यांनी तुमच्यासाठी ओझी वाहिली आहेत. आणखी एक मागणे आहे. कुणावर उगाच आळ आला असेल आणि खरे काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याच दिवशी, चार माणसांत सांगा. मला सगळे माहीत होते, पण बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.