चुन्यात अडकलेलं बोट

कानवाल्याचे कान असे तिखट, की पाइपातून मुंगी चालली तर तिचा कुठला पाय लंगडा तेही सांगेल. लाकडी दांड्याचं एक टोक रस्त्याला टेकवायचा, दुसरं कानाला, की जमिनीखाली कुठं गळतंय ते बरोबर कळायचं. तीस वर्षं सगळे त्याच्याच दाराशी यायचे.

आणि आता? आता धाकटीच्या!

धाकटी म्हणजे त्याची सख्खी बहीण, प्रयोगशाळेतली. गोगलगाय फुटलेला शंख आतून चुन्यानं सांधते, ते बघून तिनं पाइपाला आतून लावायचा लेप बनवला. लेपात जिवाणू झोपलेले. चीर पडून पाणी झिरपलं की जागे होतात, चुना सोडतात, चीर बंद! ना खोदकाम, ना दांडा, ना दादा.

"अहो, वन्संचा फोटो आलाय पेपरात. किती गोड दिसतात!" बायको म्हणाली.

"माझ्या खांद्यावर बसून नळाला हात पुरायचा तिचा," तो फणकारला. चहा काही घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी पाणीखात्याचे साहेब लेप बघायला येणार होते. त्याआधीच भर दुपारी हा प्रयोगशाळेच्या अंगणात शिरला आणि तिथं मांडलेल्या वाहत्या पाइपाला ड्रिलनं भोक पाडलं. "भर म्हणावं आता!"

पण जुनी खोड. भोक दिसलं की बोट लावून पाण्याचा जोर बघायचा. जोर बघताना मनातल्या मनात धाकटीला इतके टोमणे मारले, की किती वेळ गेला कळलंच नाही. बोट ओढलं, तर निघेना! भोवती पांढराशुभ्र चुना.

"दादा! काय करतोयस?" मागून धाकटी.

"तपासतोय."

"ड्रिल घेऊन?"

ती हसून हसून खालीच बसली. मग चुना विरघळवायला व्हिनेगर आणायला निघाली. "हलू नकोस."

"हलतोय कुठं!"

वाकून वाकून त्याचा कान पाइपाला टेकला. आणि तो एकदम ताठ झाला. "अगं थांब. त्या कोपऱ्यातला सांधा झिरपतोय."

"शक्यच नाही, तिथं लेप..." म्हणत तिनंच सांधा उघडला, तर आत लेप पोचलाच नव्हता. तिचं तोंड एवढंसं झालं. ह्याला लग्नातसुद्धा एवढा आनंद झाला नव्हता.

"तुझ्या जिवाणूंना कान नाहीत ना?" व्हिनेगरानं सुटलेलं बोट चोळत त्यानं विचारलं.

"नाहीत रे बाबा. ये उद्या दांडा घेऊन. ड्रिल मात्र घरी ठेव."

पुढच्या पेपरात दोघांचा फोटो आला. त्यानं तो चारदा न्याहाळला.

"तिचं डोकं माझ्यापेक्षा मोठं छापलंय," तो म्हणाला, आणि चहा परत घशातच अडकला.